चौदावा तुकडा

पुएर्तो सिरिलो,
मंगळवार, दुपार

प्रिय योलिमा,

ज्याने हे पत्र दाराखालून सरकवलं तो माणूस आता खाली धक्क्यावर, होडीत, पाठ फिरवून बसला असेल. तो दार वाजवणार नाही की हाक मारणार नाही. तसं मी त्याच्याकडून कबूल करून घेतलं आहे. तू खिडकीशी जाऊ नकोस. आधी पत्र शेवटपर्यंत वाच, मग पिशवीत दोन कपडे कोंब आणि त्या होडीत बस. बुधवारचा सूर्य मावळायच्या आत तुला तिथून निघायलाच हवं. काल बाजारात दोघांनी बर्फवाल्या इस्माएलला विचारलं, नदी उतरलेली असताना कान्यो ओंदोला पोचायला किती तास लागतात. इस्माएल बिचारा थट्टेवारी न्यायला गेला, म्हणाला, "तिकडे मासे उरले नाहीत, साहेब." त्यातला एक हसला. "आम्हाला मासे नकोतच." योलिमा, तू लपली आहेस त्या कान्यो ओंदोला सहा घरं आहेत. सहा दारं ठोठावायला कितीसा वेळ लागतो?

खरं तर एवढं लिहून पाकीट बंद करता आलं असतं. पण एका ओळीवर तू त्या होडीत पाय ठेवणार नाहीस हे मला माहीत आहे. हट्टीपणा तुला आईकडून नाही, माझ्याकडून, तुझ्या धर्ममातेकडून आला आहे. म्हणून सगळं लिहावं लागणार. मठाच्या शाळेत मदर पेर्पेतुआ आम्हाला बजावायच्या, कन्फेशनला गेलात की पाप आधी सांगा, कारणं मागाहून, आणि जमलं तर कारणं सांगूच नका. मला ते बारा वर्षांत जमलं नाही, आणि आज एकाहत्तराव्या वर्षी जमेल असं दिसत नाही.

घरचं आधी सांगते. तुझ्या आईच्या घराला कुलूप आहे, किल्ली माझ्या कमरेला आहे, पपईला चार फळं धरली आहेत आणि त्यातली दोन शेजारणीने न विचारता नेली. आरोग्यकेंद्रात तुझ्या जागी एक मुलगी आणून बसवली आहे. ती इंजेक्शन अशी देते की जणू गोणी शिवते आहे. धक्क्याच्या भिंतीवर नगराध्यक्षाने स्वतःचं चित्र काढून घेतलंय, दात इतके पांढरे की रात्री होड्यांना दिव्याची गरज पडू नये. आणि आपले फादर! परवाच्या रविवारी मिस्सेच्या प्रार्थनेत त्यांनी प्रवचनाला विषय घेतला 'मौनाचं पुण्य'. मी मधेच उठले आणि मधल्या वाटेने, टाचा आपटत, बाहेर पडले. दारात फुलं विकणारी म्हणाली, "सेक्रेटरीबाई, मिस्सा संपायची आहे." मी म्हणाले, "माझी संपली." हे ऐकून तुला हसू आलं असेल तर बरं. पुढे हसण्यासारखं काही नाही.

कोर्टात एकतीस वर्षं मी साक्षी लिहून घेतल्या. तिथली एक सवय अशी की साक्षीदाराला माहीत असलेलंसुद्धा पहिल्यापासून क्रमाने मांडायचं, कारण चूक नेमकी कुठे झाली ते क्रमाने गेल्याशिवाय दिसत नाही. तेव्हा तुझीच हकिगत तुला सांगते आहे, कंटाळू नकोस.

आपलं गाव नदीने आणून दिलेलं परत करत नाही. चाळीस वर्षं ही नदी माणसं आणून टाकते आहे, नाव नसलेली, कधी चेहराही नसलेली. आपण त्यांना बाहेर काढतो, दफनभूमीच्या भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतो, सिमेंटने तोंड बंद करतो. मग कुणीतरी रंगाचा डबा घेऊन येतं आणि त्या सिमेंटवर लिहितं, 'निवडला'. त्या दिवसापासून तो मेलेला त्या घरचा. त्याला नाव मिळतं, सोमवारी फुलं मिळतात, आणि तीनदा बोटाने टकटक करून त्याच्याकडे काहीबाही मागितलं जातं: लॉटरीचा आकडा, मुलाची नोकरी, नवऱ्याचं परत येणं. तू अडतीस नंबरचा कोनाडा निवडलास तेव्हा तू एकोणीस वर्षांची होतीस. त्याचं नाव ठेवलंस सेन्योर तोबियास. तू त्याच्याकडे काही मागितलं नाहीस. तू टकटक करून एवढंच विचारायचीस, "बाबा, तुम्हीच आहात का?" तुझे वडील मासे विकायला गेले आणि आले नाहीत, त्याची तक्रार मी स्वतः टाइप केली होती, दोन प्रतींत. एक प्रत न्यायाधीशाच्या कपाटात वाळवीने खाल्ली. दुसरी माझ्याकडे आहे.

म्हणून बोगोताहून शोधसमिती येणार, हाडं तपासणार, एकेकाचं खरं नाव लावणार असं कळलं तेव्हा तू नवा रंगाचा डबा विकत आणलास. आणि म्हणूनच समिती यायच्या तीन आठवडे आधी, त्या पहाटे, दफनभूमीत खोदायचं यंत्र शिरलं. भिंत रुंद करायची म्हणे! कोनाडे फोडून गोण्या भरताना तिथे कोण कोण उभे होते त्यांची नावं मी लिहीत नाही; पत्रात असली नावं लिहू नयेत हे मीच साक्षीदारांना शिकवत आले. तू आरोग्यकेंद्राच्या पाण्याच्या टाकीवर चढलीस, तुझ्या भावाने, रुबिएलने, खाली शिडी धरली, आणि तू सत्तेचाळीस मिनिटं फोन हलू दिला नाहीस. फक्त एकदा, एकोणिसाव्या मिनिटानंतर, तू तो स्वतःकडे वळवलास आणि चेहरा दाखवून नाव, तारीख, जागा सांगितलीस. ते का केलंस ते मला ठाऊक आहे. लहानपणी माझ्या टेबलाखाली बसून तू ऐकायचीस ना, मी प्रत्येक साक्षीदाराला दटावायची ते: "आधी नाव सांग. नाव नसलेली साक्ष म्हणजे कुजबुज." तुझ्या त्या वीस सेकंदांत माझाच आवाज होता.

सकाळी सात वाजता तू मेमरी कार्ड माझ्या हातात ठेवलंस आणि कामावर गेलीस, जणू काही झालंच नाही. मी बोगोताच्या वकीलबाईंना, डॉक्टर इसासांना, फोन लावला. त्या म्हणाल्या, खोदकाम थांबवायचा हुकूम आजच हवा, न्यायाधीश चारला कोर्टातून उठतात, तेव्हा व्हिडिओ त्याआधी हवा. पण एवढी मोठी फाईल फोनवरून जाणार कशी? एका वेळी जेमतेम दीड मिनिट जातं, आणि इंटरनेट चर्चच्या पायऱ्यांवरच मिळतं. तुकडे करायला हवे होते. आणि त्यातून तुझे ते वीस सेकंद वगळायला हवे होते, कारण कोर्टात गेलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत कॉफीच्या टपरीवर येते, हे माझ्याइतकं कुणाला माहीत नाही.

मग मी सिस्टर बेत्साबेंना फोन केला. एकोणऐंशी वर्षांच्या आहेत, मठाच्या शाळेपासून मला ओळखतात, पलीकडच्या गावात धर्मप्रांताचा रेडिओ चालवतात आणि बिशपांच्या प्रवचनांचे तुकडे पाडतात, ज्याबद्दल त्यांना संतपद मिळायला हवं. त्यांच्या पद्धतीत चित्रं नाहीत, बटणं नाहीत. काळा पडदा आणि त्यावर लुकलुकणारी एक रेघ. तिथे हुकूम लिहायचा: कुठली फाईल, कुठून, किती वेळ, कुठल्या नावाने. "पडदा उघडलास?" "उघडला." "घाबरलीस?" "सिस्टर, एकतीस वर्षं मी न्यायाधीशांचं अक्षर वाचलंय. याला काय घाबरायचं?" त्या एकेक अक्षर सांगत गेल्या, मी लघुलिपीच्या वहीत उतरवत गेले. खरं सांगते, मला मजा आली. एक ओळ लिहायची, दाबायचं, आणि क्षणात तुकडा तयार, कापडाच्या दुकानात कात्री सरकते तसा. तेरावा तुकडा तू फोन वळवायच्या दोन सेकंद आधी संपवला. चौदावा तू फोन पुन्हा यंत्राकडे केल्यानंतर सुरू केला. एकूण बत्तीस. प्रत्येक तुकडा मी लॅपटॉपवर पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला, चौदावा तर तीनदा. तू कुठेही नव्हतीस. मग हातात जपमाळ घेऊन चर्चच्या पायरीवर बसले आणि मांडीवरच्या रुमालाखाली धरलेल्या फोनवरून एकेक तुकडा पाठवला. येणारेजाणारे म्हणत होते, बाई म्हातारपणी भाविक झाल्या.

साडेतीनला हुकूम निघाला. पाचला यंत्र बंद पडलं. अठ्ठावीस कोनाडे फुटले होते; अडतिसावा शाबूत होता. त्या संध्याकाळी तू माझ्या स्वयंपाकघरात उभ्याउभ्या मक्याचा गार अरेपा खाल्लास आणि रडलीस, आणि मी म्हणाले, "रडतेस काय, जिंकलो आपण." शनिवारपर्यंत ते तुकडे गावातल्या प्रत्येक फोनवर होते. मी मान ताठ करून बाजारातून हिंडत होते. हे लिहिताना माझी मला लाज वाटते.

बुधवारी तुझ्या आईच्या दाराखाली ते कार्ड आलं. काळी किनार, कोपऱ्यात सोनेरी क्रूस, मृतात्म्यासाठी मिस्सा अर्पण केल्याचं छापील वाक्य, आणि मधल्या रिकाम्या जागेत तुझं पूर्ण नाव. जिवंत माणसाच्या नावे मिस्सा! देवाचं नाव घेऊन धमकी द्यायची ही रीत ज्याने काढली त्याला देवाने काय शिक्षा द्यावी हे मी देवाला रोज सुचवते. तुझी आई कार्ड हातात धरून तशीच बसून राहिली. दुपारपर्यंत मी तिला तिच्या बहिणीकडे पाठवलं, तुला कान्यो ओंदोच्या होडीत बसवलं, तुझा फोन तुझ्याच हातून नदीत टाकायला लावला. आणि होडी सुटताना तू मला विचारलंस, "माद्रिना, कोणी सांगितलं असेल?"

तेव्हा मी काय बोलले ते तू विसरली नसशील. टाकीवर कोण होतं हे तिघांनाच ठाऊक होतं: तू, मी आणि रुबिएल. आणि त्याच आठवड्यात रुबिएलच्या होडीला चाळीस घोड्यांचं इंजिन लागलं होतं. मी म्हणाले, "इंजिनं आकाशातून पडत नाहीत, पोरी." बस, एवढंच. तुझा चेहरा दगडासारखा झाला आणि होडी गेली. माझ्या जिभेला धार आहे असं लोक म्हणतात, आणि मला ते आजवर कौतुक वाटत आलं. दुसऱ्या दिवशी रुबिएल तुझा पत्ता विचारत माझ्या दारात आला तर मी त्याला उंबऱ्याबाहेर उभा ठेवून म्हणाले, "केवढ्याला विकलीस रे बहीण?" तो पंधरा मिनिटं उन्हात उभा राहिला. मग गेला.

त्यानंतर माझ्या दारासमोर एक मोटारसायकल येऊन उभी राहू लागली. नंबरप्लेट नाही. दोघे बसलेले, सिगारेटही ओढत नाहीत, फोनही बघत नाहीत. सकाळी तास, दुपारी तास. चौथ्या दिवशी मी खुर्ची उचलली आणि त्यांच्या समोर दारात मांडली. पुढचा म्हणाला, "सेक्रेटरीबाई, लॅपटॉप विकणार का म्हणे?" मी म्हणाले, नाही. "ठेवा मग. कापाकापी चांगली जमते तुम्हाला, असं ऐकलं." मी म्हणाले, "टोपडं काढून बोल. या गावातल्या प्रत्येकाच्या आईचा जन्मदाखला माझ्या हातून गेलाय, तू कुणाचा ते मला कळू दे." त्याने हेल्मेट काढलं. अगदी सावकाश, पट्टा सोडवून, मांडीवर ठेवलं आणि माझ्याकडे बघत राहिला. मी तो चेहरा जन्मात पाहिला नव्हता. तो या गावचा नव्हता, या खोऱ्यातलाही नव्हता. कुणाचाच मुलगा नाही असा तो चेहरा होता. मी खुर्ची आत घेतली.

काल सोमवार. भीतीचं मला रागात रूपांतर करता येतं, तेवढं एक मठात शिकले. मी चर्चमागच्या नोएमीच्या दुकानात गेले, जिथे मिस्सेची कार्डं, बुटांच्या नाड्या आणि बॅटऱ्या मिळतात, आणि काउंटरवर ते कार्ड आपटलं. "जिवंत माणसांच्या मिस्सा विकायला कधीपासून लागलीस?" नोएमी म्हणाली, "मी कोरी कार्डं विकते, बाई. नाव कोण लिहितं ते मला काय माहीत?" "लाज वाटत नाही?" "वाटते ना. पण मला दुकान आहे आणि तीन मुली आहेत. माझ्यावर ओरडून काय होणार? अख्ख्या गावाने बघितलंय तिला." मी म्हणाले, "काय बघितलं?" तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी वेडी झाले आहे. मग काउंटरखालून तिचा फोन काढला, काचेला तडा गेलेला, बाजारात सगळ्यांत स्वस्त मिळतो तो, आणि माझ्यासमोर धरला.

तो चौदावा तुकडा होता. आणि त्याच्या सुरुवातीला तू होतीस. आवाज नव्हता. फक्त तुझा चेहरा, पहाटेच्या उजेडात, कपाळावर घाम, छातीवर आरोग्यकेंद्राचा बिल्ला, ओठ हलताहेत. चार सेकंद. मग यंत्र. नोएमीने तो पुन्हा लावला, पुन्हा तू. मी घरी कशी आले आठवत नाही. लॅपटॉप उघडला, तोच तुकडा लावला. तू नव्हतीस. दहा वेळा लावला. माझ्या घरात तू नव्हतीस आणि गावातल्या निम्म्या खिशांत होतीस.

आता ते, जे मी वर गाळलं. सिस्टर बेत्साबे हुकूम सांगत होत्या तेव्हा त्यांनी दोन रस्ते सांगितले होते. एक, प्रत्येक चित्र नव्याने बनवत कापायचं. त्याला माझ्या लॅपटॉपवर रात्र लागली असती. दुसरा, जसंच्या तसं उतरवून घ्यायचं. ते क्षणात होतं. मी दुसरा निवडला. त्या म्हणाल्या, "एदिल्मा, जसंच्या तसं उतरवलंस तर एक लक्षात ठेव," आणि मी त्यांचं वाक्य तोडलं. "सिस्टर, वेळ नाही. मी प्रत्येक तुकडा स्वतः बघणार आहे, मला शिकवू नका." त्या म्हणाल्या, "बघ बाई. शाळेतही तू अर्धं ऐकूनच हात वर करायचीस." काल संध्याकाळी मी ते उरलेलं अर्धं ऐकलं. व्हिडिओत पूर्ण चित्र दर क्षणी नसतं. काही सेकंदांनी एक पूर्ण चित्र असतं आणि मधल्या वेळात फक्त काय हललं याची नोंद. म्हणून जसंच्या तसं उतरवताना ते मधूनच कापता येत नाही. हुकूम मागे सरकतो, आधीच्या पूर्ण चित्रापाशी जातो, आणि तिथपासून सगळं सोबत घेतो. वर एक चिठ्ठी चिकटवतो, की सुरुवातीचं एवढं दाखवू नये. माझा लॅपटॉप ती चिठ्ठी पाळतो. नोएमीचा फोन पाळत नाही. कोर्टात न्यायाधीश सांगायचे, हे वाक्य नोंदीतून वगळा, आणि मी त्यावर एक रेघ मारायची. वाक्य रेघेखाली तसंच वाचता यायचं. हे मला, या गावात एकटीला, कळायला हवं होतं. तुला कुणी विकलं नाही, योलिमा. तुझा चेहरा मी पाठवला, चर्चच्या पायरीवर बसून, हातात जपमाळ घेऊन.

आज सकाळी मी रुबिएलकडे गेले. त्याच्या घरावर पत्रे नाहीत. भिंती उभ्या आहेत आणि वर ताडाच्या झावळ्या टाकल्या आहेत, बायको आत चुलीशी, पाळणा एका कोपऱ्यात, जिथे सावली आहे तिथे. पत्रे देऊन त्याने ते इंजिन घेतलं होतं, जुनं, दोनदा दुरुस्त केलेलं. ती पहाट उजाडली त्याच दिवशी घेतलं, कारण त्याला वाटलं, आज ना उद्या हिला इथून काढावं लागेल आणि आपली होडी वल्ह्याने चालते. मी त्याला सगळं सांगितलं, तिथेच, उभ्याने, कारणं न देता. मदर पेर्पेतुआंना आवडलं असतं. तो बराच वेळ जाळ्याची गाठ सोडवत राहिला. मला वाटलं आता शिव्या देईल, आणि द्याव्यात असंही वाटलं. मग म्हणाला, "छत्री घेऊ का, माद्रिना? तिला ऊन सोसत नाही."

आता तुला कळलं असेल खाली होडीत पाठ फिरवून कोण बसलंय, आणि मी इतकी पानं कशासाठी लिहिली. माफीसाठी नाही, ती तू नंतर सवडीने दे किंवा देऊ नकोस. तू या जगात एकाच माणसाच्या होडीत बसायला नकार देशील असं मी माझ्या जिभेने करून ठेवलं, आणि आज तीच एक होडी आहे. तो तुला पुलापर्यंत नेईल, तिथे डॉक्टर इसासांची गाडी आहे. पाकिटाचा तळ दुहेरी आहे, उसव. आत मेमरी कार्ड आहे, अख्खी सत्तेचाळीस मिनिटं, तू तुझं नाव सांगतेस त्या वीस सेकंदांसकट. समितीसमोर ते न कापता लाव. मी येत नाही. मोटारसायकल रोज माझ्यासमोर उभी राहते, आणि मी दिसले नाही तर ते नदीकडे बघतील. म्हणून बुधवारी सकाळी मी दारात खुर्ची टाकणार आहे, कॉफीचा कप घेऊन, लॅपटॉप मांडीवर उघडून, म्हणजे त्यांना जे हवंय ते माझ्याकडेच आहे असं त्यांना वाटत राहील. लॅपटॉप समोर दिसत असला की ते जेवायलाही जाणार नाहीत. मीही जाणार नाही. तू हे वाचत असशील तेव्हा मी तिथेच बसलेली असेन, आणि जितका वेळ मी बसू शकेन तितकाच वेळ तुझ्याकडे आहे. उठ आता. भावाला आधी तू हाक मार. तो स्वतःहून वळणार नाही.

तुझीच, जिने बाप्तिस्म्याला तुला हातात धरलं आणि या खेपेला निसटू दिलं ती,
एदिल्मा